रुग्णालयातली वेळ नेमकी कोणाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होतो, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. रात्रीच्या विजेवर द्राक्षबागेला पाणी द्यायला गेलेल्या एका तरुण शेतकऱ्याला घोणस चावली. नातेवाइकांनी वेळ न दवडता त्याला जीपमध्ये घातले आणि एक वाजून पाच मिनिटांनी तो कॅज्युअल्टीत पोहोचला. एक दहाला सिस्टरांनी त्याचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतले आणि नळी टेबलावर उभी ठेवली. ही वीस मिनिटांची चाचणी. नळी हलवायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले असेल तर विष रक्तात भिनले आहे, प्रतिविष लागणार. लाखो रुपयांच्या यंत्रांच्या जमान्यात आजही सर्पदंशाचा निर्णय या साध्या चाचणीवर होतो, आणि तिला नळी व घड्याळ याखेरीज काही लागत नाही.

एक तीसला रक्त गोठलेले नव्हते. एक तेहेतीसला औषध भांडारातून प्रतिविषाच्या दहा बाटल्या आल्या, एक चाळीसला सलाईनमधून प्रतिविष सुरू झाले. सिस्टरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून या सगळ्या वेळा केसपेपरवर लिहिल्या. पुढे त्या तरुणाच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला, काही दिवस डायलिसिस करावे लागले. घोणशीच्या विषात वेळेवर उपचार होऊनही असे घडते. तीन आठवड्यांनी तो बरा होऊन घरी गेला. पण दरम्यान नातेवाइकांनी तक्रार केली होती की प्रतिविष द्यायला उशीर झाला. तक्रार करणे त्यांचा हक्कच होता. चौकशी बसली. समितीने संगणकातून नोंदी काढल्या. त्यांत औषध भांडारातून बाटल्या दिल्याची वेळ होती दोन वाजून दोन मिनिटे.

म्हणजे कागदावर प्रतिविष सुरू झाले एक चाळीसला आणि बाटल्या भांडारातून निघाल्या त्यानंतर बावीस मिनिटांनी. एकतर संगणक चुकला किंवा सिस्टरांनी वेळ खोटी लिहिली. संगणक चुकला असेल, अशी शंका त्या टेबलाभोवती कोणाच्याही मनात आली नाही. माझ्याही नाही. सव्वीस वर्षे सेवा झालेल्या सिस्टरांना मेमो मिळाला.

उलगडा झाला तो गमतीने. एका निवासी डॉक्टरने पेशंटचा एक रिपोर्ट हातात घेऊन विचारले, ‘सर, आत्ता दहा वाजलेत आणि यावर दहा एकोणतीस छापलंय. हा रिपोर्ट अजून व्हायचाय का?’ प्रयोगशाळा आणि औषध भांडार यांचे सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी चालत होते. तिथले घड्याळ जवळजवळ अर्धा तास पुढे होते.

संगणकाची देखभाल करणारा कंत्राटी तरुण आला, दोन दिवस बसला, आणि त्याने मला जे समजावले ते प्रत्येक रुग्णालयाच्या कारभाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे असे मला वाटते. म्हणून हा लेख.

आज बहुतेक ठिकाणी प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळा संगणक नसतो. एकाच मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’ चालतात. जुन्या नाशकातल्या वाड्यासारखे समजा: वाडा एक, बिऱ्हाडे पाच-सहा. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की आपले घर स्वतंत्र आहे. व्हर्च्युअल मशीनला तर आपण बिऱ्हाडकरू आहोत याचा पत्ताही नसतो. आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःचे घड्याळ आहे, अशाच समजुतीत ते चालते. प्रत्यक्षात प्रोसेसर एकच आणि तो आळीपाळीने सगळ्यांना मिळतो. एकाचे काम चालू असते तेव्हा दुसरे निपचित असते.

गोंधळ इथेच सुरू होतो. जुन्या पद्धतीत संगणक वेळ मोजायचा तो ठोके मोजून. हार्डवेअरकडून सेकंदाला शंभर किंवा हजार ठोके येणार, ते मोजले की झाली वेळ. खरा, स्वतंत्र संगणक असेल तर हे ठीक. पण बिऱ्हाडकरू निपचित असताना जे ठोके पडले त्यांचे काय? ते बुडाले तर घड्याळ मागे पडते. म्हणून वाड्याच्या मालकाने, म्हणजे सर्व्हरवरच्या मुख्य सॉफ्टवेअरने, बुडालेले ठोके नंतर भराभर वाजवून भरपाई करायची सोय केली. पण काही व्हर्च्युअल मशीनही हुशार असतात. ठोके बुडालेले त्यांच्याही लक्षात येते आणि ती स्वतःहून घड्याळ पुढे सरकवतात. एकच भरपाई दोनदा झाली की घड्याळ पुढे धावते. आमच्याकडे नेमके हेच होत होते. रोज रात्री सर्व्हरवर बॅकअप चाले, प्रोसेसर त्यात गुंतून जाई, ठोके बुडत आणि दोघेही भरपाई करत. रोजची थोडीशी धाव, पण महिनोन् महिने.

डॉक्टरांना ओळखीचा वाटेल असा आणखी एक प्रकार आहे. भूल दिलेल्या रुग्णाला शुद्धीवर आल्यावर मधला काळ गेल्याची जाणीव नसते. ‘ऑपरेशन कधी करणार?’ असे तो विचारतो, आणि टाके घालून झालेले असतात. व्हर्च्युअल मशीन गोठवून ठेवता येते, आणि एखाद्या जुन्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू करता येते. जागे झाल्यावर त्याच्या लेखी मधे वेळ गेलेलाच नसतो. त्याला खरी वेळ कोणी सांगितली नाही तर ते शांतपणे कालच्या तारखेने आजच्या नोंदी करत राहते. तिसरा प्रकार म्हणजे चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे. दोन सर्व्हरच्या प्रोसेसरांमधले मोजणीयंत्र वेगळ्या आकड्यावर, वेगळ्या वेगाने चालत असेल तर वेळ एकदम उडी मारते. झेन नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या लिनक्स मशीनच्या नोंदवहीत पूर्वी ‘वेळ मागे गेली’ अशा अर्थाचा संदेश येत असे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला विनोद वाटला होता.

यावर जे उपाय निघाले ते खरोखर सुबक आहेत. बिऱ्हाडकरूने ठोके मोजणेच सोडून द्यायचे. मालकाने एका सामाईक पाटीवर लिहून ठेवायचे: ‘मोजणीयंत्र अमुक आकड्यावर होते तेव्हा वेळ तमुक होती, आणि यंत्राचा वेग इतका आहे.’ बिऱ्हाडकरूला वेळ हवी असेल तेव्हा त्याने पाटी वाचून, यंत्रावरचा आत्ताचा आकडा पाहून साधे गणित करायचे. मधे तो निपचित होता की जागा, याने काही फरक पडत नाही. लिनक्सवरच्या केव्हीएममध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये याच धर्तीची सोय आहे. जुने सॉफ्टवेअर तसेच रेटत ठेवले किंवा मांडणी चुकली, तर ती असून नसल्यासारखी.

आणि मालकाची स्वतःची वेळ तरी बरोबर कशी राहणार? त्यासाठी एनटीपी नावाची पद्धत आहे. संगणक ठरावीक अंतराने नेटवर्कवरून एखाद्या विश्वासू घड्याळाला वेळ विचारतो, जाण्यायेण्यात गेलेला अवधी हिशेबात धरतो आणि आपली चूक सुधारतो. आमच्या सर्व्हरवर ही सोय सुरू होती. फक्त ‘सुरक्षेसाठी’ कोणीतरी बाहेर जाणारा मार्ग बंद केला होता. सर्व्हर रोज वेळ विचारत होता आणि त्याला कोणी उत्तर देत नव्हते. उत्तर येत नाही, ही तक्रार नोंदवहीत रोज उमटत होती. ती वहीसुद्धा कोणी वाचत नव्हते.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. घड्याळ पुढे गेलेले असेल तर ते खटकन मागे आणणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. मागे आणले की दहा वाजून पाच मिनिटे दोनदा वाजतात. आधीची नोंद नंतरची दिसते, प्रोग्रॅम दोन वेळांची वजाबाकी करतो आणि उत्तर उणे येते. म्हणून चालू यंत्रात घड्याळाची चाल किंचित मंद करतात आणि खरी वेळ त्याला गाठेपर्यंत थांबतात. पण एनटीपीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही मंद करण्याची मर्यादा सेकंदाला अर्धा मिलिसेकंद एवढीच होती. या वेगाने एकोणतीस मिनिटांची चूक निस्तरायला चाळीस दिवस लागले असते. त्या तरुणाने मग एका रविवारी पहाटे, सगळ्या विभागांना कळवून, दोन तास सॉफ्टवेअर बंद ठेवले, कागदावर काम चालवायला लावले आणि बंद अवस्थेतच घड्याळ लावले. दुहेरी भरपाई काढून टाकली, वेळ विचारण्याचा मार्ग उघडला, आणि फरक एका सेकंदावर गेला की फोन येईल अशी व्यवस्था केली. नवीन काहीही विकत घ्यावे लागले नाही.

उणे उत्तराची भीती पुस्तकी नाही. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवून घेण्यासाठी १९७२ पासून जगाच्या वेळेत अधूनमधून एक जादा सेकंद घातला जातो. आतापर्यंत असे २७ घातले गेले. १ जुलै २०१२ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच होताना, असा एक सेकंद आला आणि लिनक्समधल्या एका दोषामुळे जगभरचे अनेक सर्व्हर शंभर टक्के भाराने निरर्थक फिरत राहिले. ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांचे चेक-इन रखडले. पुष्कळ ठिकाणी तात्पुरता उपाय एकच होता: संगणकाला आजची तारीख पुन्हा एकदा सांगणे. पुढचा धडा १ जानेवारी २०१७ चा, तोही आपल्या साडेपाचलाच. क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीचा एक प्रोग्रॅम वेळ कधी मागे जात नाही असे गृहीत धरून लिहिलेला होता. वजाबाकीचे उत्तर उणे आले आणि संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी त्यांची सेवा काही प्रमाणात कोलमडली. अवधी मोजायला भिंतीवरचे घड्याळ वापरू नये, कधीच मागे न जाणारे वेगळे मोजणीयंत्र वापरावे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तेव्हा पुन्हा एकदा कळले. जादा सेकंदाची ही पद्धत २०३५ पर्यंत बंद करण्याचे आता जगातल्या देशांनी ठरवले आहे.

आमच्या रुग्णालयांत सेकंदाने काही बिघडत नाही, हे खरे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक वेळा मिनिटांनीही बिघडत नाही. तापाची गोळी आठला दिली की आठ सातला, याने कोणाचे काही अडत नाही. पण काही ठिकाणी सगळा निर्णयच वेळेवर उभा असतो. मेंदूच्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचे असते. चार वाजून वीस मिनिटांचा हिशेब खरा की चार पन्नासचा, यावर ते द्यायचे की नाही हे ठरते. हृदय बंद पडलेल्याला पुनरुज्जीवन देताना अॅड्रिनॅलिन दर तीन ते पाच मिनिटांनी द्यायचे. हृदयविकाराचा संशय असेल तर ट्रोपोनिनची चाचणी काही तासांच्या अंतराने दोनदा करून तो वाढतोय की उतरतोय हे पाहतात. दोन नमुन्यांच्या वेळा उलट-सुलट झाल्या तर वाढणारा आकडा उतरता दिसतो आणि रुग्णाला घरी सोडले जाऊ शकते. जेंटामायसिनसारख्या औषधाची रक्तातली पातळी डोसनंतर किती वेळाने मोजली, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. आम्ही रक्तदाबाचे यंत्र तपासून घेतो, वजनकाटा तपासून घेतो. वेळ हेही रुग्णाचे मोजमापच आहे, पण ते तपासण्याची जबाबदारी कोणाच्याही नावावर नसते.

आपल्या देशात आणखी एक खास घोटाळा संभवतो. सर्व्हर जगाची वेळ दाखवत असतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. व्हर्च्युअल मशीनने मालकाकडून आलेली जगाची वेळ स्थानिक समजून घेतली की घड्याळ साडेपाच तास मागे जाते. दुपारी हे कोणाच्याही ध्यानात येईल. पण मध्यरात्रीनंतर आणि पहाटे साडेपाचच्या आत जन्मलेले बाळ अशा नोंदीत आदल्या दिवशी जन्मलेले ठरते. आपल्याकडे जन्मवेळ पत्रिकेसाठी विचारतात. पत्रिकेचे सोडून द्या, पण जन्मतारीख पुढे शाळा, नोकरी, निवृत्तीपर्यंत माणसाच्या मागे असते. तरीही मला मोठ्या चुकीपेक्षा लहान चुकीची जास्त भीती वाटते. साडेपाच तास दिसतात. एकोणतीस मिनिटे महिनोन् महिने कोणाला दिसली नाहीत.

‘वेळ कोणाची?’ हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. नाशिकचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे पस्तीस मिनिटे मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा तो डोक्यावर यायला सरासरी तेवढा अवधी असतो. मुंबईच्या बाबतीत हा फरक एकोणचाळीस मिनिटांचा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रास वेळेवर धावे आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर, म्हणजे अर्धा तास मागे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, पण मुंबईकरांनी ती सहजासहजी मानली नाही. मुंबई महापालिका पुढे बरीच वर्षे आपली जुनी ‘मुंबई वेळ’ धरून होती. एकाच शहरात दोन वेळा, ही आज आपल्याला गंमत वाटते. पण त्या काळच्या माणसाला निदान ठाऊक असे की समोरचे घड्याळ कोणत्या वेळेचे आहे. रेल्वेचे की शहराचे, हे विचारूनच तो घराबाहेर पडे. आजच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीचा संगणक, प्रयोगशाळेचा सर्व्हर, ईसीजी मशीन, मॉनिटर, सीसीटीव्ही आणि सिस्टरांचे मनगट मिळून सहा वेळा असतात, आणि सगळ्यांना एकच समजून आपण चौकशा करतो.

देशाची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमच्या अणुघड्याळांवर राखली जाते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सरकारी संस्था, कंपन्या, सेवा पुरवठादार आणि डेटा सेंटर यांना आपली सगळी संगणकीय घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा तिच्याशी जुळलेल्या स्रोताशी बांधून ठेवायला सांगितले आहे. जानेवारी २०२५ मध्ये कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी कामांत भारतीय प्रमाणवेळच वापरण्याचे बंधन घालणाऱ्या नियमांचा मसुदाही केंद्राने सूचनांसाठी मांडला. सर्ट-इनच्या आदेशामागचा हेतू सायबर गुन्ह्यांचा माग काढणे हा आहे. रुग्णालयांनी तो संगणक विभागाच्या फायलीत ठेवून भागणार नाही. निविदेत सॉफ्टवेअर पुरवठादाराला एक अट घालायला हवी: घड्याळाची वेळ कुठून येते, ती चुकली तर कोणाला कळते, आणि व्हर्च्युअल मशीन जुन्या प्रतीवरून सुरू केले तर नोंदी सुरू होण्याआधी वेळ कोण तपासते, हे लेखी द्यावे. चौकशी समितीनेही संगणकाची छापील वेळ पुरावा म्हणून टेबलावर ठेवण्याआधी त्या दिवशी ते घड्याळ बरोबर होते का, एवढे विचारावे. आरोपीच्या पिंजऱ्यात माणसाला उभे करतो, तसे यंत्रालाही.

आणखी एक गोष्ट मी त्या तरुणाकडून शिकलो. घड्याळ दुरुस्त झाल्यावर मी त्याला म्हणालो, ‘आता जुन्या सगळ्या नोंदींतून एकोणतीस मिनिटे वजा करून टाक, म्हणजे प्रश्न मिटला.’ त्याने ठाम नकार दिला. ‘सर, चूक रोज वाढत होती. मार्चमध्ये ती किती होती हे मला माहीत नाही. मी वजाबाकी केली तर एका चुकीच्या वेळेच्या जागी दुसरी चुकीची वेळ येईल, आणि ती मी घातलेली असेल.’ त्याऐवजी त्याने बॅकअपच्या नोंदी आणि प्रयोगशाळेच्या कागदी रजिस्टरातल्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या, कोणत्या आठवड्यात अंदाजे किती फरक होता याचा तक्ता केला आणि मूळ नोंदींना हात न लावता तो सोबत जोडला. केसपेपरवर चुकलेला शब्द आम्ही खोडत नाही, एक रेघ मारून शेजारी सही करतो. तोच शिरस्ता, संगणकात. त्या तक्त्याप्रमाणे सर्पदंशाच्या रात्री घड्याळ एकोणतीस मिनिटे पुढे होते. बाटल्या एक तेहेतीसला निघाल्या होत्या. सिस्टरांचा मेमो मागे घेतला गेला, नातेवाइकांनाही बोलावून तक्ता दाखवला. त्या तरुण शेतकऱ्याचे वडील तो बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी विचारले, ‘मग आमच्या किडनीच्या रिपोर्टवरच्या वेळा तरी खऱ्या का?’ त्या तेवढ्याच चुकीच्या होत्या, आणि तसे त्यांना सांगावे लागले.

तेव्हापासून जिथे असेन तिथे महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी मोबाइल हातात धरून वॉर्डात फेरी मारतो. नेटवर्कशी न जोडलेल्या यंत्रांना एनटीपी नाही. तिथे माणूसच लागतो. गेल्या फेरीत एक ईसीजी मशीन अकरा मिनिटे पुढे होते, एका डिफिब्रिलेटरचे घड्याळ सात मिनिटे मागे, आणि एका ग्लुकोमीटरवर साल २०१५ होते. तिन्ही हाताने लावली आणि आधी किती फरक होता तो रजिस्टरात लिहिला.